पऱ्हाटीचे पेलेट : कोणत्या स्वयंपाकघरात चालतील, कोणत्या नाही

नागपूर जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड कुठल्याही रस्त्यानं निघालं तरी धुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून झालेल्या वाळक्या झाडांचे, ढीग दिसतात. थोडी पऱ्हाटी चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते, उरलेली तिथंच पेटवून देतात. ती दाबून पेलेट केले तर गॅसचा खर्च वाचेल, धूर जाईल आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतील, हा हिशोब बचत गटांच्या बैठकीत आणि ग्रामपंचायतीत बऱ्याचदा मांडला जातो. पण तो ढिगापासून सुरू होतो आणि चुलीपर्यंत पोहोचेपर्यंत दम तोडतो. माल किती आहे हे शेवटी मोजायचं असतं. आधी मोजायचं ते स्वयंपाकघर: कोण रांधतं, किती वेळ, किती जणांसाठी, आज कशावर. मग चूल, मग यंत्र, आणि मग शेत. या लेखात त्याच क्रमानं जाऊ.

पेलेट वेगळे, ब्रिकेट वेगळे

पेलेट म्हणजे ६ ते १० मिलिमीटर जाडीच्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या कांड्या. ब्रिकेट म्हणजे ६० ते ९० मिलिमीटर जाडीचे दंडगोल ठोकळे. कारखान्यांच्या बाजारात यांनाच पांढरा कोळसा म्हणतात. दोन्हींत वेगळा डिंक लागत नाही. झाडाच्या काडीत लिग्निन नावाचा घटक असतो. यंत्रातल्या दाबानं आणि घासण्यानं माल १०० अंशांच्या आसपास तापला की लिग्निन मऊ होतं आणि गार होताना सगळं घट्ट बांधून ठेवतं.

दाबण्याचा खरा फायदा जागेत आहे. मोकळी पऱ्हाटी एका घनमीटरमध्ये जेमतेम ५० ते १०० किलो मावते, पेलेट ६०० किलोच्या वर. ट्रॉलीभर पऱ्हाटी दिसते डोंगराएवढी आणि काट्यावर निघते काही क्विंटल. उष्णता मात्र दाबल्यानं वाढत नाही. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत जेवढी उष्णता, जवळपास तेवढीच पेलेटच्या किलोत: ३,६०० ते ४,००० किलोकॅलरी. वाढतो तो सारखेपणा. प्रत्येक कांडी एकाच जाडीची, एकाच ओलाव्याची असल्यामुळे तिच्या मापाची चूल बनवता येते, आणि धूर कमी होतो तो यामुळे.

म्हणूनच घरच्या चुलीसाठी ब्रिकेटचा विचार सोडून द्यावा. ९० मिलिमीटरचा ठोकळा साध्या चुलीत बाहेरून जळतो, आतून धुमसतो आणि लाकडाइतकाच, कधी जास्तच धूर करतो. त्याची जागा बॉयलरमध्ये, मोठ्या भट्टीत, आंघोळीच्या पाण्याच्या बंबात. बंबाला मधोमध नळकांडं असतं, धूर वर जातो. तिथं ठोकळ्याचे हाताएवढे तुकडे करून टाकले तर काम भागतं.

कोळशाच्या भुकटीत माती किंवा शेण कालवून केलेल्या भोकाच्या वड्या हा आणखी तिसरा प्रकार. त्यांचा धूर दिसत नाही, म्हणून लोक त्यांना स्वच्छ समजतात. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरतं तेव्हा अशी पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं. पेलेटच्या चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यांनाही हाच नियम लागू.

एका सिलिंडरच्या बदल्यात किती पेलेट

सगळ्या चर्चेचा पाया हा आकडा आहे, म्हणून तो स्वतः काढता यायला हवा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला साधारण १०,९०० किलोकॅलरी उष्णता, आणि शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्यात जाते असं धरा. म्हणजे एका सिलिंडरमधून भांड्याला मिळतात सुमारे ९३,००० किलोकॅलरी.

पेलेटच्या किलोत ३,८०० किलोकॅलरी आणि पंख्याच्या चांगल्या चुलीत ३५ टक्के कामी येतात असं धरलं, तर किलोमागे भांड्यात जातात १,३३०. भागाकार केला की उत्तर येतं ७०. एक घरगुती सिलिंडर म्हणजे ७० किलो पेलेट. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर म्हणजे ९३ किलो. तीन दगडांच्या चुलीत १२ टक्केच उष्णता कामी येते आणि लाकूडही थोडं ओलसर असतं. तिथं त्याच सिलिंडरच्या बदल्यात २२० किलो लाकूड जळतं. इंडक्शनचाही हिशोब करून ठेवा: एका युनिटमधून भांड्यात जातात अंदाजे ७३० किलोकॅलरी, म्हणजे एक सिलिंडर म्हणजे १२७ युनिट वीज.

आता किंमत. तुमच्या गावात घरपोच सिलिंडरला जे पैसे पडतात त्याला ७० नं भागा. समजा ८५० रुपये पडतात. तर पेलेट किलोला १२ रुपयांच्या आत मिळाला तरच गॅसपेक्षा स्वस्त. उज्ज्वलाचं अनुदान वजा जाऊन तोच सिलिंडर समजा ५५० ला पडत असेल तर मर्यादा ८ रुपयांखाली येते, आणि त्या भावात पोत्यात भरलेला चांगला पेलेट विकणं अवघड आहे. खानावळीच्या सिलिंडरला समजा १,७०० पडतात. १,७०० भागिले ९३, म्हणजे किलोला १८ रुपये. एकच पेलेट, पण खानावळीला १४ रुपयांतही परवडतो आणि उज्ज्वलाच्या घराला ९ रुपयांत नाही. कोणाकडे जायचं, हे इथंच बरंचसं ठरतं.

ज्या घरात आज सरपण फुकट गोळा होतं तिथं तर पेलेटची स्पर्धा शून्य रुपयाशी आहे. त्या घरातली बाई सरपणासाठी किती तास घालवते आणि किती धूर गिळते, याची किंमत कुणी तिच्या हातात देत नाही. फुकटच्या काडीऐवजी विकतचा पेलेट घ्या, हे त्या घराला नुसतं सांगून होत नाही. पऱ्हाटी देऊन बदल्यात पेलेट न्यायचे, फक्त दळणावळीसारखी मजुरी द्यायची, अशी सोय असेल तर थोडीफार शक्यता उरते.

याचा मोठा धडा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावरची 'ऊर्जा' नावाची पंख्याची पेलेट-चूल २००६ पासून विकली गेली, २००९ नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं ती चालवली. चुली लाखोंनी खपल्या. पण कच्च्या मालाचा भाव चढला तसा पेलेट महागला, घरगुती गिऱ्हाईक गळत गेलं आणि कंपनी हॉटेलं-कॅन्टीनच्या मोठ्या चुलींकडे वळली. चूल चांगली होती. इंधनाचा भाव घराच्या हाताबाहेर गेला.

चूल पेटते कशी

पंख्याची पेलेट-चूल म्हणजे एक उभा डबा. तळाशी जाळी, तिच्याखालून थोडी हवा. डब्याच्या वरच्या कडेला भोकांची रांग, तिथून जास्त हवा. पेलेट भरून आग वरून लावायची. वरचा थर तापला की खालच्या कांड्यांमधून जळाऊ वायू सुटतो, तो वर चढतो आणि भोकांतून येणाऱ्या हवेत पेट घेतो. आपल्याला दिसते ती ज्योत या वायूची. म्हणजे खालची हवा वायू काढते आणि वरची हवा तो जाळते. ही दोन कामं वेगळी राहिली तर धूर नाही. गोंधळली की धूर.

कृती अशी. आधीची राख पूर्ण झटकायची आणि जाळीची भोकं तारेनं मोकळी करायची. पेलेट चाळून भरायचे, आणि वरच्या भोकांच्या दोन बोटं खाली थांबायचं. वर तुराटीचे (तुरीच्या वाळक्या काड्यांचे) बारीक तुकडे किंवा नारळाची शेंडी पसरून पेटवायची. पंखा आधी अगदी मंद. दोन-तीन मिनिटांत सगळ्या तोंडावर आग धरली की वाढवायचा. भोकांभोवती ज्योतीचं कडं स्थिर दिसलं की भांडं चढवायचं. ६०० ग्रॅमचा डबा ४० ते ६० मिनिटं चालतो. शेवटी ज्योत बसते आणि लाल निखारा उरतो. भांडं उतरवून चूल अंगणात न्यायची, किंवा निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून हवा बंद करायची.

बिघडतं कुठं? भोकांच्या वर पेलेट भरले तर वायूला हवा मिळण्याआधीच तो निसटतो, भांड्याचं बूड काळं होतं. मध्येच ओंजळभर पेलेट टाकले तर गार थर ज्योतीवर बसतो आणि घर धुरानं भरतं. पोत्याच्या तळाचा चुरा तसाच ओतला तर खालची हवा अडते, एका बाजूनं जळतं, दुसरीकडे धुमसतं. पेलेट ओले असतील तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी होते. पंख्याची बॅटरी उतरली तर चांगली चूल पाच मिनिटांत धुराची चूल होते. भारनियमन किंवा वादळी पावसात वीज जाणाऱ्या गावात चार्जिंगची सोय पाहिल्याशिवाय पंख्याची चूल देऊ नये. आणि पंख्याची जाळी: पीठ, तेलाची वाफ आणि राख मिळून तिच्यावर चिकट थर बसतो. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं साफ केली नाही तर हवा कमी होत जाते, आणि दोष पेलेटला लागतो.

या चुलीची एक मर्यादा विकणारे सांगत नाहीत: ती पाहिजे तेव्हा बंद करता येत नाही. सकाळचा चहा १० मिनिटांत होतो, डबा मात्र ४५ मिनिटं जळतो. चहा, दूध तापवणं, रात्री उशिरा आलेल्या माणसासाठी भाजी गरम करणं, ही कामं गॅसवर किंवा इंडक्शनवरच राहणार. ज्योत मधोमध जोरात असल्यामुळे तवा मध्ये करपतो आणि कडेला कच्चा राहतो. ज्वारीच्या भाकरीसाठी जाड तवा आणि मंद पंखा लागतो. रोडगे तर गोवऱ्यांच्या आरावरच होतात, त्यांना पेलेट उपयोगाचे नाहीत. उलट डाळ शिजवणं, मोठ्या गंजात भात, साव­जी रश्श्याला लागणारी लांब उकळ, आंघोळीचं पाणी, गाईचं आंबोण: अशा तासभराच्या कामांत पेलेट उत्तम चालतात. घरात पेलेट आणायचे असतील तर पहिलं काम आंघोळीच्या पाण्याचं द्यावं. तिथं आज सर्वांत जास्त लाकूड जातं, चव बिघडण्याची भीती नसते आणि चूल अंगणात ठेवता येते.

धूर किती कमी होतो, खरोखर

भारतीय मानक आयएस १३१५२ नुसार पंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के हवी आणि भांड्यात जाणाऱ्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धूळकण १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. पंखा नसलेल्या सुधारित चुलीला २५ टक्के आणि ३५० मिलिग्रॅमची सूट आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनंही 'नीरधूर' नावाची अनेक इंधनांवर चालणारी सुधारित चूल तयार केली आहे. मानकाचा शिक्का असलेली चूल घेणं ही पहिली पायरी. पण शिक्का म्हणजे धूर गेला असं समजू नये.

हिशोब करून पाहू. एक घर दिवसाला दीड किलो पेलेट जाळतं, म्हणजे भांड्यात जातात साधारण ८.४ मेगाज्यूल. चूल मानकाच्या काठावर पास झालेली असेल तर दिवसाला सव्वा ग्रॅम धूळकण निघतील. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली, आणि तासाला १५ वेळा सगळी हवा बदलते असं सढळपणे धरलं तरी २४ तासांची सरासरी घनमीटरला १२० मायक्रोग्रॅमच्या वर जाते. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण बारीकच असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा अशा बारीक कणांसाठी १५ आहे, आपल्या देशाची बाहेरच्या हवेसाठीची ६०. तीन दगडांच्या चुलीपेक्षा ही कितीतरी चांगली स्थिती, पण गॅस किंवा विजेच्या बरोबरीची नाही.

म्हणून चुलीइतकीच खोली महत्त्वाची. समोरासमोर दोन झरोके, चुलीच्या वर पत्र्याचा धुराडा, जमलं तर पडवीत स्वयंपाक. पेटवण्याची पहिली पाच मिनिटं आणि निखाऱ्याची शेवटची दहा मिनिटं सर्वांत घाणेरडी; तेवढा वेळ चूल दाराबाहेर ठेवली तरी मोठा फरक पडतो. मानकापेक्षा बऱ्याच कमी धूळकणांच्या चुली बनतात. विकत घेताना चाचणीचा अहवाल मागावा आणि त्यात नेमका आकडा किती, ते वाचावं.

कोणता माल चालतो, कोणता चुलीची वाट लावतो

विदर्भात स्वयंपाकासाठी सर्वांत चांगला पेलेट आरामशीनच्या भुशाचा: राख १-२ टक्के, ज्योत स्वच्छ. पण भुसा मर्यादित आहे आणि बॉयलरवाले तो आधीच उचलतात. त्याखालोखाल तुराटी, संत्र्याच्या बागेतल्या छाटणीच्या काड्या आणि पऱ्हाटी. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलचं तूस भरपूर आणि आधीच बारीक, म्हणून मोहात पाडतं. पण त्यात १५ ते २० टक्के राख असते. किलोभर जाळलं की दीड-दोनशे ग्रॅम राख जाळीवर, हवा बंद. तुसात सिलिका असते, ती यंत्राचा साचाही झिजवते. घरगुती पेलेटमध्ये तूस मिसळायचं तर थोडंच. सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, गव्हांडा ही जनावरांची वैरण आहे. उन्हाळ्यात वैरण महागते तेव्हा पेलेटवाल्यानं त्यात हात घालणं गोठ्यावर अन्याय आहे.

पऱ्हाटीचा प्रश्न मुळाशी आहे. चिमट्यानं उपटलेल्या झाडाच्या मुळांना आपली काळी माती चिकटून येते, सुकली की सिमेंटसारखी बसते. ती तशीच दळली तर राख ३-५ टक्क्यांवरून १० च्या वर जाते. शिवाय पऱ्हाटीत पोटॅशियम असतं; मातीसोबत तापलं की राख वितळून जाळीवर काचेसारखा खंगर धरते. उपाय साधा: उपटल्यावर आठवडाभर शेतात आडवी सुकवायची, मग मुळं दगडावर आपटायची, किंवा सरळ जमिनीलगत कापायची. कापली तर मूळ शेतात राहतं आणि पुढच्या मशागतीचा खर्च वाढतो, म्हणून शेतकऱ्याला विचारून ठरवावं.

दुसरी गोष्ट गुलाबी बोंडअळीची. न उमललेल्या बोंडांत तिच्या अळ्या दडून राहतात. पऱ्हाटीचा ढीग बोंडांसकट जूनपर्यंत गावात ठेवला तर पुढच्या हंगामाला आपणच कीड पोसली असं होतं. म्हणून पऱ्हाटी अख्खी साठवू नये. ट्रॅक्टरच्या श्रेडरनं शेतातच तुकडे करून आणली तर अळ्या मरतात, आणि ट्रॉलीत दुप्पट-तिप्पट माल मावतो. कापसाच्या काड्यांपासून पेलेट-ब्रिकेट करण्याचं तंत्र नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या इथल्या शाखेत, विकसित झालेलं आहे. यंत्र घेण्याआधी तिथं जाऊन आपल्याच शेतातला माल डोळ्यांसमोर दाबला जाताना पाहावा.

यंत्राशी बोलणी

क्रम असा: तुकडे, वाळवण, हॅमर मिलमध्ये ४ ते ६ मिलिमीटरच्या चाळणीतून दळण, मग पेलेट मिल, मग गार करणं, चाळणं, पोती. सगळ्यांत मोठं गुपित ओलाव्याचं. माल १० ते १२ टक्के ओला हवा. १५ च्या वर गेला की साच्यातून वाफ फुसफुसते आणि कांडी फुगून भेगाळते. ८ च्या खाली गेला की साचा तापतो, माल आत जळून बसतो आणि रोलर थांबतो. अशा वेळी भोकं ड्रिलनं उकरत बसावं लागतं. टाळायचं तर दिवसाच्या शेवटी तेलात भिजवलेला भुसा साच्यातून फिरवून मगच यंत्र बंद करायचं, म्हणजे सकाळी ते सहज सुटतं.

आपल्याकडे वाळवणाला ड्रायर लागत नाही, एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. मात्र उघड्या मातीवर पसरू नये, माती पुन्हा मिसळते. ताडपत्री किंवा कोबा हवा. आणि मृग लागायच्या आत वर्षभराचा माल छपराखाली गेला पाहिजे. ज्यांच्याकडे शेड नाही त्यांचा धंदा जुलैत बंद पडतो, नेमका तेव्हाच जेव्हा सरपण ओलं असतं आणि पेलेटला सर्वांत जास्त मागणी असते.

गरम कांडी लगेच पोत्यात भरू नये. आतली वाफ पोत्यातच जिरते, दोन दिवसांत चुरा. पोतं आतून प्लास्टिकच्या अस्तराचं असावं आणि फळीवर ठेवावं, फरशीवर नाही.

गिऱ्हाइकानं तपासायचं कसं? एक किलो पेलेट पत्र्याच्या डब्यात पाच मिनिटं जोरात हलवा, ३ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. ३० ग्रॅमपेक्षा जास्त चुरा पडला तर माल कच्चा. कांडी पाण्यात टाका. चांगली असेल तर बुडते. एक किलो पूर्ण जाळून राख तोला. ५० ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, १०० च्या पुढे असेल तर परत द्या. आणि चुलीसकट परीक्षा: ५ लिटर पाणी ३० अंशांवरून झाकण ठेवून उकळीला आणा. हिशोबानं २६० ग्रॅमच्या आसपास पेलेट लागायला हवेत. ४०० लागले तर चूल, पेलेट किंवा पेटवण्याची पद्धत, यातलं काहीतरी चुकतंय.

मग क्षमता किती?

३०० घरांचं एक गाव घेऊ, आणि सगळी घरं रोज दीड किलो जाळतात असं मानू. दिवसाला ४५० किलो, वर्षाला १६४ टन. पंचवीस टक्के ओली पऱ्हाटी वाळवून, घट-तूट धरून टनाला सव्वा टन लागते. म्हणजे २०५ टन. कोरडवाहू कापसाच्या एकराला ८ ते १० क्विंटल पऱ्हाटी धरा, आणि त्यातली निम्मीच आपल्याला मिळेल असं समजा, कारण बाकीची आधीच कुणाच्या तरी चुलीत किंवा कुंपणात आहे. तरी ५०० एकर पुरतात. दोन-तीन गावांचा शिवार झाला. माल कमी पडत नाही.

अडतं ते यंत्राच्या तासांवर. ताशी २५० किलोचं छोटं यंत्र या गावासाठी दिवसाला दोनच तास चालेल. उदाहरणासाठी आकडे धरू: पोहोच पऱ्हाटी ३ रुपये किलो, म्हणजे पेलेटच्या किलोमागे पावणेचार, वीज १ रुपया, साचा-रोलर-दुरुस्ती पाऊण रुपया, पोती आणि पोहोचवणं सव्वा रुपया. हे झाले पावणेसात. मजुरी दिवसाला १,५०० आणि भांडवलाचा बोजा वर्षाला ३ लाख, हे दोन्ही यंत्र कितीही चाललं तरी तेवढेच. आठ तास चालवून दिवसाला दोन टन काढले आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर हे दोन खर्च किलोमागे सव्वा रुपया होतात, एकूण ८ रुपये. गावापुरते रोज ४५० किलोच काढले तर तेच साडेपाच होतात आणि एकूण सव्वाबारा. आणि गॅसशी बरोबरी १२ वर सुटते हे वर पाहिलंच.

दोन टन रोज खपवायला घरं लागतील १,३०० च्या वर. किंवा रोज एक व्यावसायिक सिलिंडर संपवणारी २० स्वयंपाकघरं: वसतिगृह, आश्रमशाळा, साव­जी भोजनालय, कॅटरर, मंगल कार्यालय, तर्री-पोह्यांसाठी पहाटे रस्सा उकळणारा दुकानदार. नागपूरच्या २०-२५ किलोमीटरच्या परिघात अशी वीस ठिकाणं सापडणं शक्य आहे. तिथं चूल सांभाळायला ठरलेला माणूस असतो, धुराडं बसवता येतं, गंज मोठे असतात आणि बिल दर आठवड्याला चुकतं. यंत्र त्यांच्या जिवावर उभं करावं, आणि मग त्याच यंत्रातून आसपासच्या गावांना पऱ्हाटीच्या बदल्यात पेलेट द्यावेत. उलट्या क्रमानं केलेली केंद्रं टिकवणं फार कठीण जातं.

पेलेटला दुसरंही मोठं गिऱ्हाईक आहे. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात साधारण ५ टक्के पेलेट मिसळायला सांगितलं. मौद्याच्या औष्णिक केंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या एका संचाला पूर्ण भारावर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे ४०० टन. आपल्या हिशोबातल्या अडीच लाखांहून जास्त घरांची रोजची गरज एकटा संच गिळू शकतो. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतल्या बॉयलरना लागणारा माल त्याशिवाय. उत्पादकाच्या दृष्टीनं हे चांगलं, खपाची हमी मिळते. स्वयंपाकघराच्या दृष्टीनं हीच सर्वांत मोठी जोखीम, कारण केंद्राला राखेची फारशी पर्वा नसते, एकदम शेकडो टन उचलता येतात, आणि त्या भावाला छोटा गिऱ्हाईक टिकत नाही. म्हणून आश्रमशाळेनं किंवा भोजनालयानं चूल घेण्याआधी पुरवठादाराशी किमान वर्षाचा लेखी करार करावा. त्यात भाव, राखेची आणि ओलाव्याची कमाल मर्यादा, आणि पावसाळ्यात किमान पंधरा दिवसांचा साठा हे तिन्ही असावेत. गॅसची जोडणी मात्र काढून टाकू नये.

गावासाठी यंत्राचा प्रस्ताव लिहायचा असेल तर त्याआधी दहा स्वयंपाकघरं निवडा, त्यात निम्मी मोठी असू द्या. बाहेरून विकत आणलेले पेलेट आणि चांगल्या दहा चुली द्या, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालवा; उन्हाळ्यात सगळंच नीट जळतं, परीक्षा पावसाळ्यात होते. दर आठवड्याला तीन गोष्टी वहीत लिहा: पेलेटचं पोतं किती दिवस पुरलं, सिलिंडर किती दिवस पुरला, आणि चूल किती दिवस न पेटवता तशीच ठेवली. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आठवड्यातून तीन-चार दिवस चूल कोपऱ्यात पडून राहत असेल तर कारण रांधणाऱ्या बाईलाच विचारा: पंखा, चुरा, तवा, पेटवायला लागणारा वेळ, यातलं एखादं निघेल. ते सुधारून पुन्हा दोन महिने पाहा, आणि यंत्राचं कोटेशन त्यानंतर मागवा.